चारशे अकरा रिकाम्या बाटल्या

काचेची बाटली, रुंद तोंडाची. बुचासकट वजन एकशे बेचाळीस ग्रॅम. भरली की दोनशे तीस.

टँकर भरायच्या नळाच्या तोंडात एका पक्षिणीनं घरटं बांधलं. तीन अंडी. तो नळ ज्याच्या ताब्यात आहे तो कामगार रोज खालून वाकून बघतो आणि कुणाला सांगत नाही.

"पुढील वर्षी वाहनांच्या इंधनात किती टक्के जैवइंधन मिसळणे बंधनकारक राहील, तो आकडा मंत्रालय दरवर्षी तीस नोव्हेंबरपूर्वी जाहीर करील."

रस्त्याकडेला तळणीचं दुकान. तळून तळून काळं झालेलं तेल दुकानदार पत्र्याच्या डब्यात ओततो. पूर्वी आठवड्यातून दोनदा कारखान्याची गाडी ते न्यायला यायची. आता डब्यांची रांग झाली आहे आणि शेवटच्या डब्यावर मांजर झोपतं.

जांभळी शाई. आजोबा तिनंच सही करायचे. नातवानं पेनासकट तो हट्टही वारशात घेतला.

नोंदवहीचं पान एकशे सतरा. त्यापुढे पान एकशे एकोणीस.

या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते त्या सकाळी फक्त आत्याला ठाऊक होतं. आणि आत्या विचारल्याशिवाय बोलत नसे.

*

"पाठ झालं?" अण्णांनी विचारलं.

"त्यात पाठ काय व्हायचंय?"

"म्हणून दाखव."

बारक्यानं शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं. "कारखाना मंद गतीनं चालू होता. उत्पादन नगण्य होतं."

"नगण्य नको. नगण्य म्हटलं की किती, असा प्रश्न येतो. अल्प म्हण."

"अल्प म्हटलं की येणार नाही?"

"येईल. पण जरा उशिरा येईल."

बारक्या अडतीस वर्षांचा होता आणि सहा फूट उंच होता. घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव त्याला अजून सोडत नव्हतं. कारखान्याचा मॅनेजर झाल्यावर कामगार 'साहेब' म्हणू लागले, पण त्याची पाठ वळली की तेही बारक्याच म्हणत. ऑफिसच्या खिडकीतून त्याला धुराडं दिसत होतं. कितीतरी महिन्यांनी त्यातून धूर निघत होता. अण्णांनी पहाटेच बॉयलर पेटवायला लावला होता. त्यात शिजवायला काही नव्हतं. नुसतं पाणी उकळत होतं. पाहुणे यायचे म्हणून चुलीवर रिकामं पातेलं चढवावं, तसं.

पाहुणी येणार होती ती न्यायालयाकडून.

भांडण सरकारशी होतं. आकडा जाहीर झाल्याशिवाय तेल कंपन्या जैवइंधनाचा थेंब विकत घेत नाहीत. पहिल्या वर्षी आकडा चार महिने उशिरा आला. दुसऱ्या वर्षी नऊ महिने. म्हणजे मिसळायचं वर्ष संपत आल्यावर कळलं, किती मिसळायचं होतं ते. वरातीमागून घोडं, असं कारखान्यातले लोक म्हणायचे. यंदा घोडंही नाही आणि वरातही नाही. टाक्या काठोकाठ भरल्या, यंत्रं थांबली. शेवटी नऊ कारखान्यांनी मिळून दावा लावला: मंत्रालयाला तारीख बांधून द्या. दाव्यावर पहिलं नाव यांच्या कारखान्याचं होतं, कारण तो सगळ्यांत जुना. उशिरापायी कारखाना किती दिवस बंद राहिला तो आकडा दाव्यात होता आणि दर तारखेला वाढत होता; कालपर्यंत तो चारशे अकरा झाला होता. हा हिशेब आत्यानं दिला होता. तिला तो कसा कळला हे कुणी विचारलं नाही. आत्याला सगळं कळतंच, अशी घरात रीतच होती.

मागच्या तारखेला सरकारी वकिलानं शांतपणे एक वही पुढे केली. परवान्यासाठी मंत्रालयाकडे जाणारी, याच कारखान्याच्या नोंदवहीची प्रत. दाव्यातल्या प्रत्येक बंद दिवसापुढे एकच शब्द होता: चालू. खाली मॅनेजरची सही. "कारखाना एकही दिवस बंद नव्हता," वकील म्हणाला, "मग आमच्या उशिरानं बिघडलं कुणाचं?"

न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि एका निवृत्त इंजिनिअर बाईंना प्रत्यक्ष पाहणीसाठी नेमलं.

जिना खडखडला. ताई आली. ती या दाव्यात कारखान्याची वकील होती. आल्या आल्या तिनं काळा कोट खुर्चीच्या पाठीवर फेकला.

"बारक्या, एकच सांग. त्या दिवसांत यंत्रं फिरली की नाही फिरली?"

"मुलगी म्हणून विचारतेस की वकील म्हणून?" अण्णांनी विचारलं.

"वकील म्हणून विचारायचं असतं तर तुमच्यासमोर विचारलं नसतं."

"मग ऐक. सलग तीन महिने कारखाना बंद राहिला की परवाना जातो. नवा मिळायला चार वर्षं. तोवर इथले चाळीस लोक काय करतील? भिंतीवरच्या पाली मोजतील? वहीत एक शब्द लिहिला म्हणून त्यांच्या घरी चूल पेटली."

"आणि त्याच एका शब्दानं दावा बुडतोय. आपल्याबरोबर आणखी आठ जणांचा."

"म्हणून तर मंद गती! चालूही होता आणि नव्हताही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अण्णा, ती मूठ उघडायलाच बाई येतायत." ताई भावाकडे वळली. "खोटी नोंद केली म्हणून खटला झाला तर तो सही करणाऱ्यावर होईल. हे तुला कुणी सांगितलंय का?"

बारक्या म्हणाला, "वाचता येतं मला."

ठीक नऊ वाजता आत्या आत आली. अण्णांची धाकटी बहीण. एकसष्ट वर्षं वय, अंगात प्रयोगशाळेचा पांढरा डगला, खिशात लेबलांची चळत. कारखाना सुरू झाल्यापासून, तळणीच्या तेलापासून बनणाऱ्या इंधनाची तपासणी तिच्याकडे होती.

"तुला आज घरी राहा म्हटलं होतं," अण्णा म्हणाले.

"म्हटलं होतंस."

"मग?"

"ऐकलं की." ती बारक्याच्या टेबलाशी आली. "पेन दे रे."

बारक्यानं न बघता पेन दिलं. रोजच देत होता. टेबलाच्या कोपऱ्यावर तिनं उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं, कागदावर फुंकर मारली, पेनाला टोपण लावून परत ठेवलं. "शाई संपत आलीय," म्हणाली आणि निघून गेली.

*

तपासनीस बाई बुटक्या होत्या. हातात टॉर्च, खिशात मोजपट्टी. सोबत मंत्रालयाचा एक माणूस होता. तो गाडीतून उतरला तोच फोनवर बोलत.

बाईंनी हवेचा वास घेतला. "बॉयलर आज पेटवला?"

"तसा रोजच…" अण्णा.

"धुराड्यातली जुनी पिसं जळतायत. रोज पेटणाऱ्या धुराड्यात पिसं कुठून?"

अण्णा हसले. बाई हसल्या नाहीत. त्या टाक्यांमधून फिरल्या, झडपांवरून बोट फिरवून बोट बघितलं. टँकर भरायच्या नळाशी येऊन त्यांनी टॉर्च वर धरला. आतून एक छोटी चोच बाहेर आली, उजेडावर रागावली आणि पुन्हा आत गेली.

"हा नळ वापरात असतो?"

"असतो," अण्णा म्हणाले.

"पक्षीण फारच सहनशील दिसते."

पाठीमागे नळावरचा कामगार आपल्या बुटांकडे बघत उभा होता. अल्प, बारक्या मनात घोकत होता, अल्प, अल्प. घोकता घोकता तो शब्द इतका पोकळ झाला की त्याचा अर्थच गळून पडला.

"त्या दाराआड काय आहे?" बाईंनी प्रयोगशाळेच्या मागच्या अरुंद दाराकडे बोट केलं.

"तिथं काही विशेष नाही," अण्णा घाईनं म्हणाले. "जुन्या बाटल्या."

"जुन्या बाटल्या मला आवडतात."

आत्यानं दार उघडलं. दाराला कुलूप नव्हतंच. इतकी वर्षं कुणी ढकलून पाहिलं नव्हतं, एवढंच.

*

आजोबांच्या वेळी तिथून वाफेचे नळ जात. वर्षभरातच नळ हलवले आणि एक बोळ उरला: चाळीस पावलं लांब, दोन माणसं अंग चोरून जातील इतका रुंद, पलीकडच्या टोकाला उंच खिडकी. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर बाटल्या. अंगाला अंग लावून, एका मापाच्या, एका बुचाच्या, प्रत्येकीच्या पोटावर लेबल आणि लेबलावर तारीख.

खिडकीतून अकराचं ऊन आत शिरलं होतं आणि बाटल्यांतून गाळत गाळत दारापर्यंत येत होतं.

बारक्या उंबऱ्यावरच थबकला. सात-आठ वर्षांचा असताना तो इथं लपायला आला होता. तेव्हा दोनच फळ्या भरल्या होत्या. त्यानंतर त्यानं कारखाना चालवला, टाक्या वाढवल्या, दोनदा छत बदललं, आणि आपल्याच भिंतीमागे हे एवढं उभं राहत होतं ते त्याच्या गावीही नव्हतं.

"किती आहेत?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आपोआप खाली आला होता.

"एकतीस वर्षं," आत्या म्हणाली. "दिवसाला एक."

ते चालू लागले. दाराजवळची वर्षं काळ्या चहासारखी होती. तेव्हा तेल नीट गाळता येत नसे. दहाव्या पावलाला रंग काकवीचा झाला. विसाव्याला मधाचा. जुनी यंत्रं काढून नवी बसवली तो महिना बारक्यानं लेबल न वाचता ओळखला. रंगानं तिथं एकदम पाऊल टाकलं होतं. लग्नाचं वर्ष, संपाचं वर्ष, पुराचं वर्ष. सगळी ओळीत, ऊन पीत उभी. एका तारखेपाशी तो थांबला. आई गेली तो दिवस. बाटली भरलेली होती. त्या दिवशी आत्या दुपारपर्यंत कुठं दिसली नव्हती आणि घरातल्या बायकांनी तिला त्यावरून वर्षभर बोल लावले होते. ती इथं होती. नमुना काढत होती. बाटलीतलं इंधन स्वच्छ होतं, आणि बुचाशी लेबलाची कड जरा वाकडी चिकटली होती. सबंध फळीवर तेवढी एकच वाकडी.

देवळाच्या गाभाऱ्यात माणूस जसा आपोआप गप्प होतो, तसं त्याचं झालं होतं. फक्त इथं देव नव्हता, कुणीतरी एक बाई रोज सकाळी येऊन गेली होती.

छत्तिसाव्या पावलाला रंग तुटला.

पुढच्या चार पावलांत मधाचे पट्टे होते, आणि त्यांच्यामध्ये रांगाच्या रांगा रिकाम्या बाटल्या. धुतलेल्या, पुसलेल्या, बूच लावलेल्या. प्रत्येकीवर लेबल, लेबलावर तारीख. खिडकीतलं ऊन तिथं कशातच अडत नव्हतं; ते काचेतून आरपार येत होतं, पांढरंशुभ्र. डोळे दिपले.

मंत्रालयाच्या माणसानं फोन कानापासून दूर केला. पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत राहिलं.

बाईंनी एक रिकामी बाटली उचलली आणि तळहातावर तोलली. "ही कशासाठी?"

"यंत्र चाललं नाही, म्हणून नमुना नाही," आत्या म्हणाली. "पण दिवस तर उगवला ना. वडिलांचं सांगणं होतं, दिवस चुकवायचा नाही."

"रिकामी ठेवायची, असं सांगितलं होतं?"

"नाही. कारखाना बंद राहील हे त्यांच्या डोक्यातच आलं नसतं. ते माझं मी ठरवलं."

"कुणाला दाखवायला?"

आत्याला प्रश्न कळला नाही. "दाखवायला कशाला? दिवसाच्या बाटल्या आहेत."

तेवढ्यात अण्णा पुढे सरसावले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बाई, माझी बहीण आहे म्हणून सांगतो. हिचं वय झालंय. एकटी असते, मनाला येईल ते करत बसते. रिकाम्या बाटल्या काय, गेल्या आठवड्यात बसून मांडल्या असतील. बाटलीला वय असतं का?"

"अण्णा!" ताई म्हणाली.

"तू वकील आहेस. तूच सांग. हा पुरावा होतो का?"

बारक्याला बहिणीचा चेहरा लहानपणापासून वाचता येत होता. नाही, असं त्यावर लिहिलं होतं. नुसत्या बाटल्यांनी काही सिद्ध होत नव्हतं. शपथेवर सादर झालेली वही एकीकडे, एका म्हाताऱ्या बाईच्या रिकाम्या काचा एकीकडे.

बाईंनी आत्याकडे पाहिलं. "यावर तुमचं काय म्हणणं?"

आत्या फळीवरची धूळ बोटानं टिपत होती. "माझं काही म्हणणं नाही. त्यांना वाटतं तसं त्यांनी म्हणावं."

तिनं बारक्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. साक्ष मागितली असती तर नाही तरी म्हणता आलं असतं. पण कारखाना पहिल्यांदा बंद पडल्यापासून दोन वर्षं दहा महिने ही बाई रोज त्याच्या टेबलाशी आली होती, आणि त्याच्या पुढ्यात वही उघडी असायची. तिला वाचता येत होतं. तिनं एकदाही विचारलं नव्हतं, बारक्या, हे काय लिहितोस. पेन मागितलं होतं आणि परत दिलं होतं.

त्यानं बाईंच्या हातातली बाटली घेतली. लेबल उन्हात धरलं.

"शाई माझी आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"जांभळी शाई कारखान्यात माझ्याशिवाय कुणाकडे नाही. आत्या रोज नऊ वाजता येते, माझं पेन घेते, हे लिहिते, पेन परत देते. मी कधी विचारलं नाही काय लिहितेस." शब्द आता सरळ येत होते. "ती गेली की त्याच पेनानं मी वहीत 'चालू' लिहायचो. ते खोटं आहे. हे खरं आहे. कारखाना बंद होता. चारशे अकरा दिवस."

मंत्रालयाच्या माणसानं फोन खिशात ठेवला.

"तुम्ही हे माझ्या अहवालात सही करून द्याल?"

"देईन."

"परिणाम माहीत आहेत?"

"साहेब…" ताई भावाला कधी नव्हे ते साहेब म्हणाली, आणि मग तिलाच ते विचित्र वाटलं. "बारक्या, परवान्यासाठी मी शेवटपर्यंत भांडेन. सहीसाठी मला भांडता येणार नाही."

"माहीत आहे, ताई."

बाईंनी वही मागवली. एक जण बाटलीवरची तारीख वाचे, बाई वहीतली नोंद बघत. तारीख, चालू, रिकामी. तारीख, चालू, रिकामी. ऊन खिडकीतून सरकून बोळाबाहेर गेलं तरी वाचन चाललं होतं. मंत्रालयाचा माणूसच मग बाटल्या उचलून देऊ लागला. हळू, दोन्ही हातांनी, लहान मूल उचलावं तसं.

"चारशे बारा होतायत," शेवटी बाई म्हणाल्या.

"आजची धरून," आत्या म्हणाली.

"आज बॉयलर पेटलाय," अण्णा पुटपुटले.

"पेटलाय. थेंब कुठाय?" आत्या म्हणाली.

अण्णा दारापर्यंत मागे सरकले. ते फळीला टेकून उभे राहिले, आणि त्यांच्या खांद्याशी त्यांच्याच वडिलांच्या काळची, पहिल्या वर्षातली काळी बाटली होती.

बाईंनी वही पुन्हा सुरुवातीपासून चाळली. "या सगळ्या नोंदी तुम्हीच केल्यात?"

"मीच," बारक्या म्हणाला.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"सही माझी आहे."

"ते दिसतंय. मी वेगळं विचारलं." त्यांनी एक पान उलटलं. "बरं. पहिल्या बंद दिवसाची नोंद यायला हवी होती पान एकशे अठरावर; ती आहे पुढच्या पानावर. एकशे सतरानंतर एकशे एकोणीस आहे. मधलं पान कुठं गेलं?"

बारक्यानं वडिलांकडे पाहिलं नाही. आत्यानं पाहिलं. कितीतरी वेळ, डोळा न हलवता.

"शाई सांडली होती," बारक्या म्हणाला.

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. सगळे निघाले. आत्यानं आजची रिकामी बाटली बारक्याच्या हातात दिली आणि फळीवरची जागा बोटानं दाखवली. रिकाम्या बाटलीला इतकं वजन असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ती ठेवली, लेबल समोर केलं.

कारखाना बंद पडला त्या पहिल्या सकाळी बारक्यानं पान एकशे अठरावर 'बंद' असंच लिहिलं होतं. ते पान अण्णांनी फाडलं.